आरव्हीला चाकं असतात, तरी नदीकाठच्या पार्कमध्ये ती पुरात का अडकते?

अमेरिकेत राहणाऱ्या मित्रांच्या किंवा नातेवाइकांच्या फीडवर जुलैच्या आसपास एक फोटो हमखास दिसतो. मागे नदी, झाडाखाली घराएवढी गाडी आणि तिच्यासमोर मांडलेल्या घडीच्या खुर्च्या. ही गाडी म्हणजे आरव्ही, अर्थात रिक्रिएशनल व्हेईकल. टेक्सासमधल्या मराठी कुटुंबांनाही लाँग वीकेंडला हा पर्याय खुणावतो. शहरापासून दीड-दोन तासांवर नदी आणि हॉटेलची कटकट नाही. पण ही गाडी जिथे उभी राहते ती जमीन कसली आहे, याकडे जुलै २०२५ पर्यंत फारसं कुणाचं लक्ष नव्हतं.

आरव्ही पार्कमध्ये नेमकं काय मिळतं?

आरव्हीचे ढोबळ प्रकार दोन. स्वतःचं इंजिन असलेलं मोटरहोम आणि पिकअप ट्रकच्या मागे जोडून ओढायचा ट्रेलर. पार्कमध्ये प्रत्येक गाडीला आखलेली जागा मिळते. तिथे ३० किंवा ५० अँपियरचा विजेचा पॉइंट, पाण्याचा नळ आणि सांडपाण्याची जोडणी असेल, तर त्याला ‘फुल हुकअप’ म्हणतात. सांडपाण्याची जोडणी नसेल तर गाडीखालची टाकी ‘डंप स्टेशन’वर नेऊन रिकामी करावी लागते. हे काम रीलमध्ये कधीच दिसत नाही.

सॅन अँटोनिओजवळची ग्वाडालुपे

सॅन अँटोनिओ हे अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या दहा शहरांपैकी एक. तिथून वायव्येला साधारण १०० किलोमीटरवर कर्व्हिल हे गाव आहे आणि ग्वाडालुपे नदी या गावातूनच वाहते. सायप्रसची उंच झाडं, स्वच्छ पाणी. काठावर कर्व्हिल-श्राइनर पार्कसारखी सार्वजनिक उद्यानं आहेत, खासगी आरव्ही पार्क आहेत आणि मुलांची उन्हाळी शिबिरंही भरतात. ४ जुलैच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीत इथे मोठी गर्दी असते.

मात्र या टेकड्यांच्या पट्ट्याला ‘फ्लॅश फ्लड अॅली’, म्हणजे अचानक येणाऱ्या पुरांची गल्ली म्हणतात. मेक्सिकोच्या आखातावरून येणारी दमट हवा इथल्या चढावर वर ढकलली जाते आणि कोसळते. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर होतं तसंच, पण इथे रोज नाही, एकदम. जमीन चुनखडीची, वर मातीचा पातळ थर. पाणी मुरत नाही, थेट नदीत उतरतं. कॅन्यन लेकचं धरण आहे, पण ते कर्व्हिलच्या खालच्या बाजूला. वरून येणारं पाणी अडवायला काहीच नाही.

४ जुलै २०२५ ला काय झालं?

आदल्या दुपारी पुराची शक्यता वर्तवण्यात आली होती. रात्री १ वाजून १४ मिनिटांनी कर काउंटीसाठी इशारा निघाला आणि ४ वाजून ३ मिनिटांनी त्याहून गंभीर, ‘फ्लॅश फ्लड इमर्जन्सी’चा. तेव्हा लोक झोपेत होते आणि दरीत अनेक ठिकाणी मोबाइलला रेंज नव्हती. नदी ४५ मिनिटांत २६ फूट चढल्याचं राज्याचे लेफ्टनंट गव्हर्नर डॅन पॅट्रिक यांनी सांगितलं. टेक्सासमध्ये १३० हून अधिक लोकांचा जीव गेला. त्यात कॅम्प मिस्टिक या शिबिरातल्या २७ मुली आणि काळजीवाहक होत्या. काठावरच्या आरव्ही वाहून झाडांना अडकल्या, काहींचा नुसता सांगाडा उरला.

कर काउंटीत नदीकाठी धोक्याचे भोंगे नव्हते. मागणी अनेक वर्षं होती, पैसा मिळाला नाही. पुढच्या कम्फर्ट गावात भोंगा होता. तिथे पाणी पोहोचायला वेळही जास्त लागला, आणि त्या गावात एकही बळी गेला नाही.

मग पूरक्षेत्रात पार्क असतातच कसे?

याचं उत्तर नियमातच आहे. फेमा या अमेरिकी आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या नियमांनुसार पूरक्षेत्रात पक्कं घर बांधायचं तर ते उंचावर घ्यावं लागतं. आरव्हीला मात्र सूट मिळते. ती सलग १८० दिवसांपेक्षा कमी काळ तिथे असावी, किंवा परवाना असलेली आणि ‘रस्त्यावर धावायला तयार’ असावी. म्हणजे चाकांवर उभी आणि जोडण्या चटकन सुटणाऱ्या.

थोडक्यात, पाणी आलं की गाडी निघून जाईल, हे या सुटीमागचं गृहीतक. कागदावर ते ठीक वाटतं. प्रत्यक्षात ट्रेलर हलवायचा तर वीज-पाणी तोडा, सांडपाण्याचा पाइप काढा, टेकू वर घ्या, बाहेर सरकवलेली खोली आत घ्या, मग ट्रक मागे घेऊन जोडा. दिवसाउजेडी, सवय असलेल्या माणसालाही अर्धा तास सहज जातो. पहाटे चारला, अंधारात, मुलं झोपलेली असताना?

शिवाय ही गाडी आकाराने मोठी पण हलकी असते. अमेरिकी हवामान खात्यानुसार फूटभर वेगवान पाणी बहुतेक मोटारी वाहून नेऊ शकतं, दोन फुटांत एसयूव्ही आणि ट्रकही जातात. बाहेर पडायचा रस्ता अनेकदा आपल्याकडच्या फरशी पुलासारख्या बुटक्या पुलावरून असतो आणि तोच आधी बुडतो. त्यामुळे वेळ आली तर गाडी सोडून पायी उंचावर जायचं.

बुकिंगआधी काय बघायचं?

पार्कचा पत्ता फेमाच्या ऑनलाइन पूर-नकाशावर टाकून पाहता येतो. ‘शंभर वर्षांचा पूर’ लिहिलेलं दिसलं तर तो शंभर वर्षांतून एकदाच येतो असं समजू नका. त्याची शक्यता दर वर्षी एक टक्का असते. ३० वर्षांचा हिशेब केला तर साधारण २६ टक्के. आपल्याकडे धरणाखालच्या नद्यांना आखलेली लाल रेषाही हाच शंभर वर्षांचा पूर दाखवते, निळी रेषा २५ वर्षांचा. महाराष्ट्रानेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय, तेव्हा इथेही काठावरची जागा घेताना ही रेषा विचारायला हवी.

पार्कवाल्याला फोन करून विचारा: रात्री इशारा आला तर उठवणार कोण? उंचावर जायची पायवाट कुठून आहे? उत्तर गुळमुळीत असेल तर नदीपासून दूरची, वरच्या ओळीतली जागा मागा. ती सहसा स्वस्तही असते. रेंज नसलेल्या भागात बॅटरीवरचा हवामान रेडिओ जवळ ठेवा. आणि पोहोचल्यावर, खुर्च्या मांडायच्या आधी, मुलांना घेऊन ती पायवाट एकदा उजेडात चालून या.