बेंजोचं माहेर

गणपतीच्या मिरवणुकीत, लग्नाच्या वरातीत बेंजो पार्टी आपण सगळ्यांनी ऐकली आहे. लांबट पेटी, वर तारा आणि तारांवर बटणं. डाव्या हाताने बटण दाबायचं, उजव्या हाताने तार छेडायची. कुणी त्याला बुलबुल तरंग म्हणतं. अमेरिकेतला बँजो वेगळा बरं का! त्याला डफासारखं कातडं असतं, अशी बटणं नसतात. आपल्या बेंजोचं माहेर आहे जपानमधलं नागोया शहर.

तिथे १९१२ साली मोरिता गोरो यांनी हे वाद्य बनवलं. त्याच वर्षी जपानात नवा सम्राट गादीवर आला आणि ‘ताइशो’ युग सुरू झालं. म्हणून वाद्याचं नाव पडलं ताइशोगोतो, म्हणजे ताइशो काळातलं कोतो. जुनं कोतो तेरा तारांचं, माणसाच्या उंचीएवढं. ते शिकायचं तर गुरू हवा, पैसा हवा, घरात जागा हवी. मोरितांनी टाइपरायटरची बटणं पाहून युक्ती काढली. बटण दाबलं की तार नेमक्या जागी दाबली जाते आणि हवा तो सूर निघतो. बटणांना आकडे दिले. १ म्हणजे आपला सा, २ म्हणजे रे. आकडे ओळखता आले की गाणं वाजवायला बसता येतं. आम्हाला विचाराल तर मोरितांचं खरं मोठेपण या आकड्यांत आहे.

हे स्वस्त वाद्य जपानबाहेरही गेलं आणि जिथे गेलं तिथलंच झालं. बलुचिस्तानात त्याचा बेंजू झाला, तोही आकाराने मोठा. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, इंडोनेशियातल्या बाली बेटावरही ते रुळलं. आपल्याकडे त्याला वीज जोडली, भोंगे लावले, आणि ढोल-ताशाच्या गलक्यातही ते ऐकू येऊ लागलं. २०१६ साली ‘बँजो’ नावाचा हिंदी सिनेमाही आला. मोरितांचं नाव मात्र वाटेतच गळलं.

जपानात पुढे हमामात्सु शहरातल्या सुझुकी कंपनीने ताइशोगोतो बनवली, विजेवरचीसुद्धा. मोटारवाली सुझुकीही त्याच शहरातली, पण ही वाद्यांची कंपनी निराळी. मग उंच आवाजाची, मधल्या आवाजाची, खर्जाची अशी वेगवेगळी ताइशोगोतो निघाली आणि गटाने वाजवायची रीत पडली.

या गटांत सगळ्यात जास्त कोण, माहीत आहे? बायका. त्यातही पन्नाशी-साठी ओलांडलेल्या. संसारातून मोकळ्या झाल्यावर वर्गाला येतात, समोर आकड्यांचा कागद ठेवतात, एकत्र बसून वाजवतात आणि रंगमंचावर कार्यक्रमही करतात. आपल्याकडच्या बेंजो पार्टीत बाई आम्ही तरी क्वचितच पाहिली. वाद्य तेच आहे, बटणं तीच आहेत.