औषधाला पुरून उरणाऱ्या पेशी

स्मरणिका समितीने माझ्याकडे इतिहासावर लेख मागितला, तेव्हा कुलाबा किल्ला, सरखेल आंग्रे किंवा आपली चुंबकीय वेधशाळा यांपैकी काहीतरी येईल अशी त्यांची अपेक्षा असणार. पण ते विषय आपल्या अलिबागेत शाळकरी मुलांनाही पाठ आहेत. मी जरा वेगळा इतिहास निवडला आहे, आणि त्याला कारण आहे. गेल्या २५ वर्षांत आपल्या संस्थेतल्या काही घरांनी परळच्या टाटा हॉस्पिटलच्या वाऱ्या केल्या. कधी मांडव्याहून लाँचने, कधी वडखळच्या कोंडीतून एसटीने. नावं घेत नाही. ज्यांनी केल्या त्यांना त्या आठवतात.

आमच्याही घरी हे झालं. थोरल्या वहिनींना स्तनाचा कॅन्सर निघाला. केमोथेरपी सुरू झाल्यावर गाठ बघता बघता लहान झाली, ऑपरेशन झालं, घरात सत्यनारायण झाला. दोन वर्षांनी आजार परत आला आणि या वेळी औषधांचा काही उपयोग होईना. नातेवाइकांत कुजबुज सुरू झाली : पथ्य पाळलं नसेल, मनाने खचल्या असतील. एक दिवस वहिनींनीच मला विचारलं, "भाऊजी, पहिल्यांदा लागू पडलेलं औषध आता का लागत नाही? माझंच काही चुकलं का?" मी बी.एस्सी. झालेला असलो तरी सगळी हयात बँकेच्या लेजरमध्ये गेलेली. उत्तर माझ्यापाशी नव्हतं. पुढे वहिनी गेल्या. निवृत्तीनंतर मी या प्रश्नाचं उत्तर शोधत वाचत गेलो. जे हाती आलं ते इथे मांडतो.

कॅन्सरवर औषध देता येईल ही कल्पना तशी अलीकडची. त्याआधी शस्त्रक्रिया आणि किरणोपचार एवढंच डॉक्टरांच्या हाती होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, अमेरिकेतल्या येल विद्यापीठात मस्टर्ड गॅसच्या जातीचं एक रसायन लिम्फोमाच्या रुग्णाला दिलं गेलं. गाठी विरल्या, पण थोड्याच आठवड्यांत परत आल्या. १९४८ साली बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया झालेल्या १६ मुलांना ॲमिनोप्टेरिन हे औषध दिलं. हे औषध ज्यांच्या देखरेखीखाली तयार झालं ते डॉ. यल्लाप्रगड सुब्बाराव आंध्रातल्या भीमवरमचे. १६ पैकी १० मुलांना उतार पडला. त्याआधी असं कधी घडलं नव्हतं. मात्र तो उतार काही महिनेच टिकला. म्हणजे केमोथेरपी जन्माला आली तीच ही अडचण सोबत घेऊन.

असं का व्हावं? दोन शक्यता होत्या. एक, पेशी औषधाला हळूहळू सरावत असतील. दुसरी, औषधाला दाद न देणाऱ्या थोड्या पेशी आधीपासूनच असतील. १९४३ साली लुरिया आणि डेलब्रुक या दोन शास्त्रज्ञांनी जंतूंवर प्रयोग करून दाखवलं, की दुसरी शक्यता खरी आहे. संकट येण्याच्या आधीच, योगायोगाने झालेल्या बदलामुळे, काही जंतू त्या संकटाला पुरून उरणारे असतात. कॅन्सरच्या पेशींतही बऱ्याच अंशी हेच घडतं, असं पुढे दिसून आलं. काही पेशी औषधाच्या माऱ्यात आपलं वागणं बदलूनही तग धरतात, हेही नंतर कळलं. पण मुख्य गोष्ट पहिलीच.

आपल्या खारेपाटातल्या माणसाला हे चटकन समजेल. बांधाला खांड पडून खारं पाणी शेतात शिरलं की भात जळून जातं. एखादा चूड मात्र हिरवा राहतो. तो खारं पाणी बघून शहाणा झालेला नसतो. तो मुळातच तसा असतो. त्याचंच बी धरून पेरत गेलं तर काही वर्षांत सगळं शेत खार सोसणारं होईल. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने खाऱ्या जमिनीत टिकणाऱ्या भाताच्या जाती दिल्या, त्यामागे हीच निवड आहे. शेतात आपल्याला ती हवी असते. गाठीत तीच निवड औषध करत असतं आणि आपल्याला ती नको असते. नव्याण्णव पेशी मरतात, शंभरावी उरते, आणि परत येणारा आजार तिच्याच वंशाचा असतो.

यावर पहिला तोडगा सापडला तो क्षयरोगाकडे बघून. माझ्या वयाच्या मंडळींना स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं आठवत असतील. ते औषध एकटं दिलं की क्षयाचे जंतू त्याला जुमानेनासे होत. दोन-तीन औषधं एकत्र दिली की आजार आटोक्यात येई. एका औषधातून निसटलेला जंतू दुसऱ्यात सापडतो. हीच रीत कॅन्सरवर वापरली गेली. इटलीत, मिलान इथे, डॉ. जानी बोनाडोना यांनी स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर तीन औषधं एकत्र दिली आणि १९७६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. २७ महिन्यांनंतर नुसती शस्त्रक्रिया झालेल्या बायकांपैकी २४ टक्के जणींत आजार परतला होता. औषधं घेतलेल्यांत ५.३ टक्के. आज केमोत एकापेक्षा जास्त औषधं का असतात, त्याचं मूळ इथे आहे.

आपलं माणूसही या इतिहासात आहे. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या, फर्ग्युसन कॉलेजात शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे. डॉ. वसंत खानोलकर यांच्या हाताखाली त्यांनी परळला संशोधन केलं. मग अमेरिकेत जाऊन शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात जिवंत पेशी वाढवण्याचं तंत्र शिकून आल्या आणि मुंबईत देशातली तशी पहिली प्रयोगशाळा उभी केली. स्तनाचा कॅन्सर हा त्यांच्या अभ्यासाचा मोठा विषय. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. त्या ज्या संस्थेत वाढल्या तिचंच पुढचं रूप म्हणजे खारघरचं ॲक्ट्रेक. २००२ पासून ते तिथे, म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे, आणि साधारण आपल्या सोसायटीच्याच वयाचं आहे.

भांड्यात पेशी वाढवता आल्या म्हणून औषधाचा डोस थोडा थोडा वाढवत, शेवटी कोण टिकतं ते बघता आलं. १९७६ साली टोरांटोत जुलियानो आणि लिंग यांना अशा टिकलेल्या पेशींच्या आवरणात एक प्रथिन सापडलं. ते पंपाचं काम करतं : आत आलेलं औषध बाहेर फेकतं. वाईट भाग असा, की हा एकच पंप निरनिराळ्या जातींची औषधं ओळखतो. केमोचं प्रसिद्ध लाल औषध डॉक्सोरुबिसिन आणि यू झाडाच्या सालीत सापडलेलं पॅक्लिटॅक्सेल, दोन्ही तो बाहेर काढू शकतो.

मग पंपच बंद करावा, असं कोणालाही वाटेल. ब्लडप्रेशरसाठी आपल्यातले काही जण घेतात ती व्हेरापामिल १९८१ मध्ये प्रयोगशाळेत हे करून दाखवू शकली. पण माणसात तेवढा डोस हृदयाला झेपेना, आणि नंतरच्या औषधांनीही फारसं साधलं नाही. कारण पेशीकडे एकच वाट नसते. कोणी औषधाने केलेली मोडतोड दुरुस्त करते, कोणी मरणाचा हुकूमच मानत नाही, कोणी निपचित पडून राहते. केमो मुख्यतः भराभर वाढणाऱ्या पेशी मारते, झोपलेली वाचते.

या संशोधनात एक घोटाळाही झाला, तो बँकवाल्याला सांगावासा वाटतो. औषधाला दाद न देणाऱ्या स्तनाच्या पेशी म्हणून जगभर वापरल्या जाणाऱ्या एका वाणाची ओळखच खोटी निघाली. १९९८ साली नाव बदलावं लागलं. पुढे त्या पेशी अंडाशयाच्या कॅन्सरच्या असल्याचं सिद्ध झालं. खातं एकाचं, नाव दुसऱ्याचं! केवायसीचं महत्त्व तिथेही आहे.

आता हिशेब. एक सेंटिमीटरच्या गाठीत ढोबळमानाने १०० कोटी पेशी असतात. समजा दहा लाखांत एक पेशी औषधाला न जुमानणारी आहे, तर पहिलं सलाईन लावण्याआधीच तशा हजार पेशी तयार आहेत. १९७९ साली गोल्डी आणि कोल्डमन यांनी गणिताने हेच मांडलं : गाठ जितकी वाढलेली, तितकी अशा पेशी असण्याची शक्यता जास्त. चक्रवाढ व्याजासारखंच आहे, काळ जाऊ द्याल तितकं देणं फुगतं.

वहिनींना द्यायचं उत्तर हेच होतं. तुमचं काही चुकलं नाही. पथ्य, उपवास, मनाचा खंबीरपणा यांचा त्या पेशींशी संबंध नव्हता. औषध न लागणं हा रुग्णाचा अपराध नसतो.

मात्र हिशेबाची दुसरी बाजू आपल्या हातात आहे. टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांत दीड लाखाहून जास्त स्त्रियांना सामील करून २० वर्षं एक अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी करत. मशीन नाही, क्ष-किरण नाही. २०२१ मध्ये निष्कर्ष आले : तपासणी झालेल्यांत कॅन्सर लवकरच्या टप्प्यात सापडले, आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या आजाराचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांत मृत्यूंत तसा फरक दिसला नाही, तरी गाठ लवकर सापडली.

म्हणून समितीपुढे दोन सूचना ठेवतो. महिला मंडळाच्या हळदीकुंकवाच्या जोडीने दरवर्षी एक तपासणी शिबिर आपल्या हॉलमध्ये व्हावं. आणि ज्या घरी केमो चालू असेल, त्यांची ठरलेली तारीख चुकू नये म्हणून गाडी असलेल्या सभासदांची एक यादी ऑफिसात लावावी. पावसाळ्यात लाँच बंद असते आणि पहाटे पाचला एसटी पकडणं आजारी माणसाच्या जिवावर येतं. यादीत पहिलं नाव माझं लिहून घ्या. गाडी आता मुलगा चालवतो, मी शेजारी बसेन.