डोंगर झूम करून बघा!

आज एका चित्रापासून सुरुवात करूया. साधारण इ.स. १०००, चीनमध्ये सोंग राजवट. फान क्वान हा चित्रकार दोन मीटर उंचीच्या रेशमावर एक अवाढव्य डोंगर रंगवतो. पायथ्याशी खेचरं हाकणारे वाटसरू, अगदी मुंगीएवढे. मध्ये धुकं, म्हणजे जवळपास कोरी सोडलेली जागा. यामागे ताओ विचार आहे: निसर्ग मोठा, माणूस त्यातला ठिपका. आणि रिकामी जागाही कामाची, मडक्यातल्या पोकळीसारखी.

आता थेट शांघायला येऊ. तिथे १९८० साली जन्मलेला यांग योंगलियांग लहानपणी पारंपरिक चित्रकला शिकला. पुढे त्याने कॅमेरा आणि कॉम्प्युटर हाती घेतला. २००६ पासूनची त्याची डिजिटल निसर्गचित्रं लांबून थेट सोंग काळातली वाटतात. तेच कडे, तेच धुकं. पण झूम केलं की कळतं, डोंगर म्हणजे टॉवर्सचा ढीग आहे! झाडांच्या जागी क्रेन आणि विजेचे मनोरे. सगळे फोटो, लेयरवर लेयर.

ही नुसती फोटोशॉपची कमाल नाही. फान क्वानचा माणूस डोंगरापुढे लहान होता. इथे डोंगरच माणसाने बांधलाय, तरी तो लहानच राहिलाय. आता स्वतःच उभारलेल्या पसाऱ्यापुढे.

विचार करा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!