एसेनची मतपेटी

जर्मनीत ऱ्हाइनला मिळणाऱ्या रूर नदीच्या खोऱ्यातील एसेन हे गाव १८५० च्या सुमारास नऊएक हजार वस्तीचे होते; १९१० साली तेच गाव तीन लाखांच्या घरात जाऊन पोहोचले, आणि या वाढीचे श्रेय, किंवा दूषण, बव्हंशी एका घराण्याकडे जाते, ते म्हणजे क्रुप घराणे. १८११ साली फ्रीड्रिख क्रुप याने घातलेला पोलादाचा कारखाना त्याच्या मृत्यूसमयी डबघाईस आलेला होता. तो चौदा वर्षांच्या आल्फ्रेडच्या पदरी पडला आणि त्याने तो असा काही उभा केला की, लंडनच्या १८५१ च्या प्रदर्शनात त्याने मांडलेली दोन टनांहून अधिक वजनाची ओतीव पोलादाची लगड पाहून इंग्रज लोहारही थक्क झाले. रेल्वेच्या चाकांना लागणाऱ्या विनासांध्याच्या पोलादी धावा हा त्याच्या संपत्तीचा खरा झरा होता. तोफांनी त्याला कीर्ती दिली.

आल्फ्रेड स्वतःस कारखानदार समजत नसे, तो स्वतःस कुटुंबप्रमुख समजे, आणि या समजुतीत ढोंग नव्हते, हीच तिच्यातील भयंकर गोष्ट होय. आजारी कामगारासाठी निधी, स्वस्त दराचे कोठार, निवृत्तीवेतन, आणि १८६३ पासून एकामागून एक उभारलेल्या वसाहती अशी सर्व तजवीज त्याने केली. परंतु घर भाड्याने मिळे ते नोकरीच्या कबुलायतीवर. नोकरी सुटली की घरही सोडावे लागे, आणि निवृत्तीनिधीत वर्षानुवर्षे भरलेली वर्गणी कामगार निघून गेल्यास बुडीत खाती जाई. आपल्याकडे जुन्या मराठीत 'मायबाप सरकार' असा जो शब्द रूढ आहे, त्याचा इतका शब्दशः प्रत्यय एखाद्या खासगी पेढीने आणून दिल्याचे दुसरे उदाहरण मला तरी सुचत नाही. १८७७ मध्ये काढलेल्या जाहीरनाम्यात या मायबापाने आपल्या माणसांना बजावले की, राजकारण हा रिकामपण असलेल्यांचा व्यवसाय आहे. कामगाराने दिवसभराचे काम झाल्यावर आपल्या घरसंसारात आणि मुलांच्या संगोपनात लक्ष घालावे.

मताचा प्रश्न तर निराळ्याच तऱ्हेने सोडवलेला होता. एसेन ज्यात मोडत होते त्या प्रशिया राज्यात नगरपालिकांच्या आणि विधानसभेच्या मतदारांची विभागणी कराप्रमाणे होई. एकूण कराची रक्कम तीन भागांत विभागायची, पहिला तृतीयांश भाग भरणारे मोजके धनवान पहिल्या वर्गात, दुसरा भाग भरणारे मध्यम लोक दुसऱ्यात, आणि राहिलेली सगळी रयत तिसऱ्यात, व प्रत्येक वर्गाचे वजन सारखे. एसेनमध्ये या गणिताचा परिणाम असा झाला की, १८८६ पासून काही वर्षे नगरपालिकेच्या पहिल्या वर्गात एकटे क्रुप हेच मतदार उरले. नगरपालिकेचे एक तृतीयांश सभासद एका माणसाच्या मताने निवडले जात. असे मतदान गंभीरपणे पार पाडणाऱ्या कारकुनाचा चेहरा कसा राहत असेल, याची कल्पना करणे वाचकावरच सोपवतो.

पण याच एसेनमध्ये मताची दुसरी पेटीही होती. जर्मन साम्राज्याच्या लोकसभेसाठी, म्हणजे राइखस्टागसाठी, पंचवीस वर्षांवरील प्रत्येक पुरुषाला समान मत होते, आणि त्या पेटीतून १८७७ साली गेरहार्ट श्टोट्सेल हा निवडून आला. तो कोण, तर एकेकाळी क्रुपच्याच कारखान्यात लेथवर काम केलेला कॅथलिक कामगार! पुढे १८९३ मध्ये आल्फ्रेडच्या मुलाने, फ्रीड्रिख आल्फ्रेड क्रुपने, त्याला हरवले, आणि १८९८ मध्ये श्टोट्सेलने ती जागा पुन्हा मिळवली. मताची चिठ्ठी त्या काळी पक्षाकडूनच छापून वाटली जाई आणि तिचा कागद, तिची घडी पाहून मुकादमाला माणूस ओळखता येई. सरकारी पाकीट आणि आडोशाची खोली १९०३ मध्ये आली, तेव्हा कोठे गुप्त मतदान खऱ्या अर्थाने गुप्त झाले. एकाच माणसाला एका दारात आपले नाव मोठ्याने सांगून मत द्यावे लागे आणि दुसऱ्या दारात गप्प राहून ते देता येई. प्रशियाच्या विधानसभेला पहिली रीत, साम्राज्याच्या सभेला दुसरी. या दोन दारांमधील अंतराने त्या काळच्या जर्मनीची मला जेवढी ओळख पटते, तेवढी तिच्या कोणत्याही युद्धनौकेने पटत नाही.

१८७८ पासून बारा वर्षे समाजवाद्यांवर बंदी घालून, आणि त्याच काळात आजार, अपघात व वार्धक्य यांचे विमे काढून चान्सलर बिस्मार्कने राज्यव्यापी पातळीवर तीच क्रुपची युक्ती केली. १८८९ च्या मे महिन्यात रूरच्या सुमारे नव्वद हजार खाणकामगारांनी संप केला, तेव्हा त्यांचे तीन प्रतिनिधी थेट बादशहा दुसऱ्या विल्हेल्मच्या दरबारी गेले. त्याने ऐकून घेतले, परंतु समाजवाद्यांचा हात दिसला तर गोळ्या घालीन, अशी दमदाटीही केली. १९०२ मध्ये फ्रीड्रिख आल्फ्रेड क्रुपच्या खासगी आयुष्याविषयी समाजवादी पत्राने मजकूर छापल्यावर आठवड्याभरात तो वारला, आणि अंत्ययात्रेला आलेल्या बादशहाने एसेनच्या स्थानकावर समाजवाद्यांवर आग पाखडली. दुःखाचा प्रसंग निवडणुकीच्या सभेसारखा वापरण्याची कला केवळ अलीकडची नव्हे.

१९१२ च्या निवडणुकीत समाजवाद्यांचा सोशल डेमोक्रॅट पक्ष ११० जागा घेऊन सभेतील सर्वांत मोठा पक्ष झाला. पुढच्या वर्षी त्या पक्षाच्या कार्ल लीब्कनेख्तने क्रुपच्या बर्लिन येथील हस्तकांनी युद्धखात्याच्या कारकुनांना लाच देऊन गुपिते मिळवल्याचे प्रकरण सभेत चव्हाट्यावर आणले. तरीही ४ ऑगस्ट १९१४ रोजी त्याच पक्षाने सभागृहात युद्धखर्चाला संमती दिली. मनात विरोध असणारे होते, पण त्यांनी शिस्त पाळली. कायदेशीरपणाने मिळवलेल्या तिजोऱ्या, छापखाने आणि कचेऱ्या गमावण्याची धास्ती, आणि रशियाच्या झारचे भय, या दोहोंनी मिळून त्यांचे हात बांधले, असे माझे मत आहे. हरवण्यासारखे काही नव्हते तेव्हा हे लोक धीट होते. पुढे त्यांच्यापाशी हरवण्यासारखे बरेच जमले.

त्याच महिन्यात एसेनमध्ये ओतलेल्या ४२ सेंटिमीटर तोंडाच्या उखळी तोफा बेल्जियमच्या लीएज शहराच्या किल्ल्यांसमोर उभ्या राहिल्या, आणि १५ तारखेस लोंसँ किल्ल्याचे दारूचे कोठार एका गोळ्याने उडाले. सैनिकांनी त्या तोफेला क्रुपच्या वारस कन्येचे, बेर्टाचे, नाव दिले होते. ती तोफ ओतणारा कामगार मात्र प्रशियाच्या निवडणुकीत अजून तिसऱ्याच वर्गात उभा राहून मोठ्याने मत सांगत होता, आणि ती रीत १९१८ पर्यंत कायम राहिली.