म्हशी, गवत आणि एक संशोधन केंद्र

आरे वसाहतीतील म्हशींचे तबेले जोगेश्वरीच्या विद्यार्थ्यांना चांगले परिचित आहेत. म्हैस म्हटली की आपल्याला दूध आठवते. पाणथळ जागेच्या परिसंस्थेत तिचेही काही काम असेल, असे सहसा मनात येत नाही. ते काम मोजून दाखवले मुंबईच्याच एका संस्थेने.

१८८३ साली आठ हौशी निसर्ग-अभ्यासकांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे भारतीय होते. सुरुवातीचा भर नमुने गोळा करण्यावर व ते ओळखण्यावर होता. पाणी, वनस्पती आणि प्राणी यांचे परस्परसंबंध एकाच जागी वर्षानुवर्षे मोजण्याचे मोठे काम सोसायटीने १९८० मध्ये राजस्थानात, भरतपूरच्या केवलादेव येथे हाती घेतले. क्षेत्र जेमतेम २९ चौरस किलोमीटर; पैसा अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव खात्याचा.

दोनच वर्षांनी, १९८२ मध्ये, तेथे गुरे चारण्यास बंदी आली. गुरांमुळे पक्ष्यांचा अधिवास बिघडतो असे तज्ज्ञांचे मत होते, खुद्द डॉ. सलीम अली बंदीच्या बाजूचे होते. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांचा गोळीबार झाला, माणसे मेली.

केंद्राजवळ मात्र बंदीपूर्वीच्या नोंदी होत्या, आणि नंतरच्याही होत राहिल्या. उथळ पाण्यातले पास्पालम गवत म्हशी खात. त्या गेल्या आणि गवत माजले, उघडे पाणी आक्रसले, बदकांना जागा अपुरी पडू लागली. एखाद्या वर्षाच्या पाहणीत हा दोष सहज पावसावर ढकलता आला असता. डॉ. व्ही. एस. विजयन यांच्या चमूने दहा वर्षे मोजले, म्हणून तसे झाले नाही. आपल्याच संस्थेच्या थोरांच्या मताविरुद्ध जाणारा निष्कर्ष त्यांनी मांडला, याचे आम्हाला विशेष वाटते. (शाळेच्या आवारात एक चौरस मीटर गवताला कुंपण घालून, आतले व बाहेरचे गवत दरमहा मोजून पाहावे. तत्त्व तेच.)

१९९० मध्ये प्रकल्पाची मुदत संपली. अनुदानावर उभी राहिलेली केंद्रे बहुधा अशीच थांबतात. उपकरणे हलवता येतात, पण सवयीची नजर असलेली माणसे पांगतात. विजयन त्याच वर्षी कोइमतूरला स्थापन झालेल्या सलीम अली पक्षिविज्ञान व निसर्ग केंद्राचे पहिले संचालक झाले. पुढे २०२३ मध्ये त्या केंद्राचेही स्वतंत्र अस्तित्व संपले. ते डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत विलीन करण्यात आले.