तैवान आणि स्वातंत्र्याचा अर्थ

स्वातंत्र्य हा शब्द एकच असला, तरी त्याचा अर्थ प्रत्येक पिढी आपल्या अनुभवावरून ठरवीत असते. चीनच्या आग्नेय किनाऱ्यासमोरील तैवान, अर्थात् फोर्मोसा, या बेटाच्या इतिहासांत याचें मोठें विलक्षण उदाहरण सांपडतें.

इ. स. १८९५ च्या एप्रिलमध्यें शिमोनोसेकीच्या तहान्वयें चीनच्या छिंग बादशाहीनें हें बेट जपानला देऊन टाकलें. बेटावरील लोकांस कोणीं विचारलें नाहीं. तेव्हां तेथील प्रतिष्ठित मंडळींनीं २५ मे रोजीं लोकराज्याची घोषणा केली, सुभेदार तांग जिंगसोंग यांस अध्यक्ष केलें आणि निळ्या पटावर पिवळा वाघ असलेलें निशाण उभारलें. परंतु या राज्याच्या नव्या शकाचें नांव होतें 'सदैव छिंग'! चीनपासून तुटावें लागूं नये म्हणून पुकारलेलें हें स्वातंत्र्य होतें. अध्यक्षमहाशय दोन आठवड्यांच्या आंतच बेट सोडून गेले, आणि ऑक्टोबरांत ताइनान शहर पडतांच लोकराज्यही संपलें.

जपानी अमलांत मागणी सौम्य झाली. १९२१ ते १९३४ या काळांत लिन श्येनतांग प्रभृतींनीं तैवानला स्वतःचें विधिमंडळ मिळावें म्हणून तोक्योच्या पार्लमेंटकडे पंधरा अर्ज केले. एकही मान्य झाला नाहीं.

१९४५ सालीं जपानचा पराभव होऊन बेट चीनच्या राष्ट्रीय सरकारच्या ताब्यांत गेलें. या वेळींही लोकांस विचारलें गेलें नाहीं. तथापि अनेकांनीं नव्या सैन्याचें हर्षानें स्वागत केलें. तो हर्ष टिकला नाहीं. २७ फेब्रुवारी १९४७ च्या सायंकाळीं तैपेई येथें चोरट्या सिगारेटी विकणाऱ्या एका बाईस मक्तेदारी खात्याच्या माणसांनीं मारहाण केली, आणि जमावांतील एक जण गोळी लागून मेला. दुसऱ्या दिवशीं बंड पेटलें. मार्चमध्यें चीनहून आलेल्या फौजेनें हजारों लोक मारले. १९४९ सालीं जारी झालेला लष्करी कायदा १९८७ पर्यंत उठला नाहीं. १९६४ मध्यें प्राध्यापक पेंग मिंगमिन यांनीं तैवानच्या स्वयंनिर्णयाचें पत्रक छापविलें, त्याबद्दल त्यांस तुरुंग मिळाला. स्वातंत्र्याचा अर्थ आतां पार पालटला होता. चीनशीं जोडून राहण्याची नव्हे, तर त्यापासून वेगळें होण्याची ती मागणी झाली.

पुढें वाद उघडपणें होऊं लागला. कोणी म्हणतात, नवें नांव व नवी राज्यघटना हवी. कोणी म्हणतात, चिनी संस्कृति एक आहे, तेव्हां केव्हां तरी एकीकरण व्हावें. १९९९ च्या ठरावांत लोकशाही प्रागतिक पक्षानें मध्यम मार्ग काढला: तैवान 'चीन प्रजासत्ताक' या नांवानें आधींच स्वतंत्र आहे, आणि या स्थितींत बदल करावयाचा तर तो जनतेच्या कौलानेंच व्हावा. उलट, २००५ मध्यें पेकिंगनें कायदा करून फुटून निघणाऱ्यांविरुद्ध बळ वापरण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. म्हणून लोकमताच्या पाहण्यांत बहुसंख्य लोक सांप्रतची स्थितिच राखावी असें सांगतात. हा भित्रेपणा आहे असें म्हणणें अन्यायाचें होईल. युद्ध झालें तर तें त्यांच्याच घरादारांवर येणार आहे.

१९९६ पासून तेथील जनता आपला राष्ट्राध्यक्ष स्वतः निवडते. १८९५ सालीं आणि १९४५ सालीं जो प्रश्न तिला कोणीं विचारला नव्हता, त्याचें उत्तर देण्याचा हक्क आपलाच आहे, एवढ्या एका मुद्द्यावर तरी तेथील बहुतेक पक्षांचें एकमत आहे.