प्लासिटाचे बाक

एच-वन-बीवर अमेरिकेत गेलेल्या प्रत्येक आयटीवाल्याने आय-९ नावाचा फॉर्म भरलेला असतो. पासपोर्ट दाखवायचा, सही ठोकायची, विषय संपला. पण हा फॉर्म ज्या कायद्यातून आला, त्यावरून लॉस एंजेलिसच्या तीन कॅथलिक फादरांनी सरकारशी उघड पंगा घेतला होता. गोष्ट ऐंशीच्या दशकातली.

तेव्हा एल साल्वादोरमध्ये यादवी पेटली होती. २४ मार्च १९८० ला तिथले आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांना मिस्सा चालू असतानाच गोळी घालून मारलं. लोक जीव मुठीत धरून उत्तरेकडे पळाले. आता गंमत बघा, साल्वादोरच्या सरकारला पैसा आणि शस्त्रं पुरवत होती अमेरिकाच. मग या लोकांना निर्वासित म्हणायचं, तर आपलं मित्र सरकार जुलमी आहे हे कबूल करावं लागणार! १९८४ मध्ये त्यांचे आश्रयासाठीचे शंभरातले तीन अर्जसुद्धा मंजूर झाले नाहीत. उरलेले सगळे 'बेकायदा'.

लॉस एंजेलिसमध्ये ओल्वेरा स्ट्रीटसमोर १८२२ सालचं एक जुनं चर्च आहे, लोक त्याला ला प्लासिटा म्हणतात. १९८१ पासून तिथे फादर लुईस ओलिवारेस होते. हा माणूस आधी आपल्या क्लॅरेशियन संघाचा खजिनदार होता. गुंतवणूक बघायची, झकपक कपडे घालायचे, बँकवाल्यांबरोबर जेवायचं. मग शेतमजुरांचे नेते सेसार चावेझ भेटले आणि गाडीने रूळच बदलला. १२ डिसेंबर १९८५ ला, म्हणजे मेक्सिकन लोकांच्या लाडक्या ग्वादालुपे मातेच्या सणाला, ओलिवारेसनी जाहीर केलं की हे चर्च मध्य अमेरिकेतल्या निर्वासितांचं आश्रयस्थान आहे. चर्चमध्ये अंथरुणं पडली, लोक बाकांवर झोपू लागले.

पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, रेगनसाहेबांनी नवा इमिग्रेशन कायदा आणला. १ जानेवारी १९८२ च्या आधीपासून राहणाऱ्यांना माफी, आणि त्यातून सुमारे २७ लाख लोक कायदेशीर झाले. चांगलंच झालं. पण नंतर आलेल्यांचं काय? त्यांना कामावर ठेवणाऱ्या मालकाला दंड. कागद तपासल्याचा पुरावा म्हणून आला आपला आय-९.

इथे ओलिवारेसनी जे केलं ते मला सगळ्यात मोठं वाटतं. युद्धातून पळालेल्या माणसाची दया कुणालाही येते. नुसता पोटासाठी आलेला मेक्सिकन मजूर मात्र सगळ्यांना 'घुसखोर'च दिसतो. १९८७ मध्ये प्लासिटाने आपलं दार त्याच्यासाठीही उघडलं. ओलिवारेस, मायकेल केनेडी आणि ग्रेग बॉइल या तिघा फादरांनी जाहीर लिहिलं की आम्ही अशांना जेवू घालू, राहायला जागा देऊ आणि कामही देऊ.

बॉइलच्या डोलोरेस मिशन चर्चमध्ये रात्री शंभरेक पुरुष झोपायचे. रविवारी मिस्सेला आलेल्या लोकांना चर्चमध्ये पायांचा वास यायचा, तक्रारी व्हायच्या. दया वगैरे ठीक आहे हो, पण वासाचं काय करायचं? मला हा तपशील फार खरा वाटतो.

आर्चबिशप रॉजर मेहोनी यांनाही स्थलांतरितांबद्दल आस्था होती, पण कायदा मोडायची जाहीर भाषा त्यांना पटत नव्हती. अगदीच चूक म्हणता येत नाही. कॅथलिक शिकवण देशांच्या सीमा नाकारत नाही. पण पोप पायस बारावे यांनी १९५२ मध्येच इजिप्तला पळालेल्या येशूच्या कुटुंबाला सगळ्या निर्वासितांचा आदर्श ठरवलं होतं. आणि १९६३ मध्ये पोप जॉन तेविसावे यांनी देश सोडून दुसरीकडे जाऊन राहणं हा माणसाचा हक्क मानला. सीमाही मान्य आणि हक्कही मान्य. ही ओढाताण त्या शिकवणीतच आहे.

ओलिवारेस १९९३ मध्ये गेले. पण पुढे बघा काय झालं! डिसेंबर २००५ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाने एक विधेयक मंजूर केलं. त्यात कागदपत्रांविना राहणं हा गंभीर गुन्हा होताच, शिवाय अशांना मदत करणाराही अडकू शकत होता. आता मेहोनी कार्डिनल होते. १ मार्च २००६ ला, राखेच्या बुधवारी, तेच म्हणाले की असा कायदा झाला तर आपल्या धर्मगुरूंना तो पाळू नका असं सांगेन. त्याच महिन्यात २५ तारखेला लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर लाखो लोक उतरले. विधेयक सिनेटमध्ये बारगळलं.

२०११ पासून चर्च, शाळा अशा जागी धरपकड टाळायची असं सरकारचं धोरण होतं. जानेवारी २०२५ मध्ये ते रद्द झालं. त्याच जुलैत, लॉस एंजेलिसच्या पूर्वेला असलेल्या सॅन बर्नार्डिनोचे बिशप अल्बर्टो रोहास (यांचा जन्मच मेक्सिकोतला) यांनी एक फर्मान काढलं. ज्यांना पकडले जाण्याची भीती वाटते, त्यांनी रविवारच्या मिस्सेला नाही आलं तरी चालेल.